दातांच्या डॉक्टरकीचीही नोंद वेळेत हवी



हल्ली शिवारफेरीत बेण्या-खताच्या आधी एक प्रश्न कानावर येतो, "साहेब, पोराला बी.डी.एस.ला घालायचंय, कुणाची ओळख आहे का?" आमचे स्पष्ट मत असे, की येथे ओळख कामाची नाही. अभ्यास आणि वेळेवर कागद, एवढेच कामाला येते.

हा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवरच होतो. एकूण गुण ७२०. त्यांत जीवशास्त्राला ३६०, भौतिक व रसायनशास्त्राला प्रत्येकी १८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. पेपर मराठीतूनही देता येतो. आपली पोरं जीवशास्त्र घोकतात आणि भौतिकशास्त्र सोडून देतात. हे म्हणजे युरिया पोत्याने आणि पालाश नावाला; ऊस उंच दिसतो, उतारा पडत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. लागणीची नोंद उशिरा झाली की तोड मागे पडते, हे तुम्हाला सांगायला नको. तसेच येथे आहे. डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, ज्याला जे लागू असेल ते, निकालानंतर धावपळ करून मिळेलच असे नाही. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. तो करून टाका.

पसंतीक्रम भरताना मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये वर ठेवा. शेजारच्या पोराने काय भरले ते बघून भरू नका. शासकीय कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या फेरीतून आणि १५ टक्के देशपातळीवरच्या फेरीतून भरतात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते.

आता मुख्य मुद्दा. ऊसबिल जमा झाले, की "सीट पक्की करून देतो" म्हणणारा एजंट दारात येतो. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी कॉलेजातील व्यवस्थापन कोट्यालाही नीटची पात्रता लागतेच, वर फी जबर. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. व ओ.बी.सी. मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला तरच. म्हणजे एजंटाच्या नादाने मिळणारी सवलतही घालवायची आणि वर जमीन गहाण टाकायची, हा कुठला हिशोब?

अखेरचे एक. एम.बी.बी.एस. हुकले म्हणून बी.डी.एस., असे करू नका. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी पाच वर्षे आहेत. हाताचे बारीक काम आहे. पोराला त्यात गोडी आहे का, हे फॉर्म भरण्याआधी त्यालाच विचारा. गोडी नसेल तर कृषी पदवीही काही कमी नाही. रान बघून जात निवडतो, तसे पोर बघून शिक्षण निवडावे.

— ऊस विकास अधिकारी