हॉटेल बंद झालं की शाळेचा पट घटतो

मुंबईतलं एखादं जुनं कॅफे बंद होतं तेव्हा शहर त्याचा रीतसर शोक करतं. धोबी तलावचं बस्तानी २००४ साली बंद झालं. तिथल्या सूचनांच्या पाटीवर निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली होती, त्यामुळे ते निदान कवितेत तरी शिल्लक राहिलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ पासून सुरू होतं. मार्च २०१५ मध्ये त्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरून आठवणी छापल्या. ते योग्यच झालं. माणसं जिथे बसली, बोलली, भांडली त्या जागेचं कर्ज असतं आपल्यावर.

कल्याणच्या पुढे मात्र हॉटेल बंद पडणं ही बातमी नसते. शटर खाली येतं, काही दिवसांनी तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान लागतं आणि लोक पत्ता सांगताना "ते जुनं हॉटेल होतं ना, तिथे" एवढंच म्हणतात.

अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या सीमेवरचं आमचं हॉटेल असंच गेलं. नाव लिहीत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. रमजानमध्ये ते दिवसा बंद आणि इफ्तारला सुरू असायचं. ईदला कामगार गावी जायचे आणि आठ-दहा दिवसांनी परत भट्टी पेटायची. या वेळी कामगार गेले, भट्टी पेटली नाही. आमच्या ग्रुपवर रडणाऱ्या इमोजी आल्या, खिमा-पावाचे जुने फोटो आले. "अब वो टेस्ट कहाँ" असंही कुणी लिहिलं. या शोकाबद्दल माझी तक्रार आहे. आपण चवीसाठी रडतो आहोत. ते हॉटेल चवीअभावी बंद पडलेलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तिथला पाया तसाच होता. ते का बंद पडलं, हे विचारायचं आपण टाळतो आहोत.

या पट्ट्यातलं हॉटेल आधी समजून घेऊ. उल्हासनगर म्हणजे लष्कराचा जुना कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं तिथे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कॅम्पाला उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारी अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी. बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसी नंतर वाढल्या. इथलं हॉटेल कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीला चहा-ब्रून, दुपारी डाळ-भात नाहीतर खिमा-पाव, रात्रपाळी सुटली की पाया. मुंबईत हा धंदा इराण्यांनी केला, गुजरातेतल्या पालनपूरकडच्या चिलिया मुसलमानांनी केला, उडुपीच्या शेट्टींनी केला. आमच्याकडे सिंधी दाल-पकवानवाल्याच्या बाजूला मलबारी चहावाला आणि त्याच्या बाजूला उत्तर प्रदेशचा बिर्याणीवाला अशी सरमिसळ होती. गिऱ्हाईक मात्र एकच, पगारदार कामगार. तो पगाराच्या दिवशी उधारी फेडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून नवी चढवायचा.

त्या कामगाराचं काय झालं? विम्कोचा आता फक्त नाका उरला आहे. रिक्षावाला तुम्हाला विम्को नाक्यावर सोडेल, पण काडेपेटीचा कारखाना दाखवू शकणार नाही. मोहन्याची एनआरसी २००९ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि हजारो कामगारांच्या देण्यांचं भांडण वर्षानुवर्षं चालत राहिलं. त्यानंतर उल्हासनगर कॅम्प पाचच्या जीन्स धुलाईची पाळी आली. त्या कारखान्यांचं निळं-काळं पाणी वालधुनी नदीत जात होतं. २०१४ साली याच नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो माणसांना दवाखान्यात नेलं, हे आपण विसरू नये. प्रकरण कोर्टात गेलं, धुलाईचे कारखाने बंद झाले. नदीची बाजू खरी होती, आजही खरी आहे. पण विष सोडणाऱ्याने गाळा बदलला आणि त्या विषात उघड्या हातांनी काम करणारा कारागीर पिशवी उचलून गावी गेला. आमच्या हॉटेलातली दुपारची चार टेबलं त्या कारागिरांची होती.

कुणी म्हणेल, वस्ती तर वाढते आहे. खरं आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती, २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतूनच दिसतं. मग गिऱ्हाईक वाढायला नको? हाच प्रश्न मी हॉटेलच्या चाचांना विचारला होता. ते म्हणाले, "टीचर, गिऱ्हाईक तो है. उसके पास बैठने का टाइम नहीं, और जेब में बैठने का पैसा नहीं."

मला हे उत्तर कुठल्याही अर्थतज्ज्ञाच्या लेखापेक्षा नेमकं वाटतं. नवीन बदलापूरकर पहाटेची लोकल पकडतो, रात्री साडेनऊला उतरतो. पगाराचा मोठा भाग घराच्या हप्त्यात जातो. त्याला भूक असते, पण ती तो स्टेशनबाहेर उभ्या उभ्या मोमो खाऊन नाहीतर चायनीजच्या गाडीवर भागवतो. रविवारी बिर्याणी मागवतो ती मोबाइलवर. त्या बिलातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून ॲप कंपनीकडे जातो. टेबल, पंखा, पाण्याचा जग, टेबल पुसणारा पोऱ्या यांचा खर्च हॉटेलवाल्याच्याच माथी राहतो.

या खर्चाचाही हिशोब मांडू. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्या हॉटेलांतलं सगळ्यात स्वस्त आणि पोटभरीचं ताट त्या मटणावर उभं होतं. तुमचं त्या कायद्याबद्दल काहीही मत असो, गरिबाच्या ताटाची किंमत त्याने वाढवली हे गल्ल्यावर बसलेला माणूस सांगू शकतो. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. ज्या धंद्यात पाच-दहा रुपयांचं गिऱ्हाईक रोख देतं तिथे काय झालं असेल, सांगायला नको. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. राज्यात हॉटेलांत बसून खायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा फक्त पार्सल. आणि हॉटेलचा १९ किलोचा गॅस सिलिंडर, जो २०२० च्या मे महिन्यात मुंबईत हजाराच्या आसपास होता, तो दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, २,३०० रुपयांच्या वर गेला. चहा त्याच काळात किती वाढवणार? दोन रुपये वाढवले तरी रिक्षावाले भांडायचे.

सरकारने मदत दिली नाही असं नाही. १ जून २०२० पासून फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली, दहा हजारांचं कर्ज. पण ती गाडीवाल्याला, गाळा असलेल्या हॉटेलला नाही. लघुउद्योगांसाठी सरकारी हमीच्या कर्जाची मोठी योजना आली, तीन लाख कोटींची. तिची अट अशी होती की २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर आधीचं कर्ज हवं, त्याच्या प्रमाणात नवं मिळेल. आता आमच्या चाचांसारखा माणूस, ज्याने व्याज हराम म्हणून आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नाही, सगळं घरच्या पैशावर आणि नातेवाइकांच्या मदतीवर उभं केलं, तो या अटीत कुठे बसतो? ज्याच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, त्याला मदतीचा दरवाजाच नव्हता. योजना करणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस नव्हता, एवढंच म्हणते.

आणि आपण? आपल्या डोळ्यांसमोर होता का? आपल्या बिरादरीत लग्नाच्या दावतीवर होणारा खर्च मी दर मोसमात पाहते. हजार माणसांचं जेवण, त्यातलं निम्मं ताटात टाकलेलं. कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, हा शब्द आपण तकरीरीत ऐकतो. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या आणि माफ केलंत तर अधिक चांगलं, अशी शिकवण आहे. चाचांनी ती पाळली. टाळेबंदीत गावी गेलेल्या किती मजुरांची उधारी त्यांनी वहीतून कापून टाकली ते मी पाहिलं आहे. त्याच चाचांना तीन महिन्यांचं गाळ्याचं भाडं बिनव्याजी द्यायला मोहल्ल्यातून कुणी पुढे आलं नाही. बरकतीची दुआ सगळ्यांनी दिली.

मी बाई आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. ही हॉटेलं पुरुषांची असतात, हे खरं. पण आमच्या हॉटेलात मागच्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली केबिन होती. बी.एड. करताना मी आणि माझ्या मैत्रिणी पाठाचं टाचण तिथे बसून काढायचो, कारण घरात जागा नव्हती आणि लायब्ररी संध्याकाळी बंद व्हायची. दोन चहात दोन तास. कुणी उठवलं नाही, कुणी डोकावलं नाही. मुलींना घराबाहेर, पण सुरक्षित, आणि वीस रुपयांत बसता येईल अशी जागा आज अंबरनाथमध्ये कुठे आहे? मॉलच्या कॅफेत एका कॉफीची किंमत आमच्या मदतनीस बाईंची दिवसाची निम्मी कमाई आहे. विद्यार्थिनी मला विचारतात, "टीचर, ग्रुप स्टडी कहाँ करें?" माझ्याकडे उत्तर नसतं.

माझी खरी चिंता मात्र शाळेतली आहे. अर्थव्यवस्था कशी चालली आहे हे मला टीव्हीपेक्षा हजेरीपटावरून लवकर कळतं. जीन्सची धुलाई बंद झाली त्या वर्षी शाळा सोडल्याचे दाखले मागणारे पालक वाढले होते. आता हॉटेल बंद झालं आणि दोन आठवड्यांत दोन मुलांचे वडील दाखला मागायला आले. एक तिथला भटारी, दुसरा टेबल सांभाळणारा. अशा हॉटेलात सात-आठ माणसं काम करतात. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून पुढे लागतो. म्हणजे अठरा वर्षं एका भट्टीसमोर उभं राहिलेला माणूस निघाला तेव्हा त्याच्या हातात शेवटच्या महिन्याचा पगार आणि मालकाने दिलेली ईदी होती. त्याची मुलगी सातवीत आहे, मराठी सुंदर वाचते. वाचताना अडखळणाऱ्या शेजारणीला हळूच शब्द सांगते. गावात तिला उर्दू माध्यम मिळणार नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. ती शाळेत राहील की नाही, हेही तिच्या वडिलांना सांगता येत नव्हतं. त्या खिमा-पावाच्या फोटोखाली मला हे लिहायचं होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हॉटेल वाचवायचं असेल तर आठवणींपेक्षा भाडं, गॅस आणि पगार यांचा विचार करावा लागेल. सरकारने छोट्या हॉटेलला मदत देताना आधीच्या कर्जाची अट घालू नये, आणि दहा माणसांच्या भट्टीवरच्या कामगारालाही म्हातारपणाची काही सोय असावी. जमातींनी, बैतुलमालांनी आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानांची यादी करावी. कोणाचं भाडं थकलं आहे, कोणाचा सिलिंडर अडला आहे हे शटर पडण्याआधी कळलं पाहिजे. एका दावतीतले दोन पदार्थ कमी केले तर एका हॉटेलचं सहा महिन्यांचं भाडं निघतं. आणि आपण, ज्यांना पगार मिळतो, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी पार्सल न मागवता जाऊन बसावं, रोख द्यावेत, टेबलावर समोर कोण बसलं आहे त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. त्या समोरच्या माणसाला कदाचित आपली भाषा येत नसेल, आपला सण ठाऊक नसेल. या पट्ट्यात माणसं अशीच एकमेकांना ओळखायला शिकली आहेत.

भटाऱ्याच्या मुलीचा दाखला अजून दिलेला नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत तिला इथे ठेवता येईल का, याची चौकशी चालू आहे. मोहल्ल्यातल्या एका कुटुंबाने तिला घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. तिच्या वडिलांना इथेच काम मिळालं तर हा प्रश्नच उरणार नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं हॉटेल चालू असेल आणि चांगला भटारी हवा असेल तर कळवा. पाया उत्तम करतो.