सहकुटुंब सहल : मुन्नारचे चहामळे

चहा आपल्या घरात दिवसातून चार वेळा उकळतो. पाहुणा आला की पाचव्यांदा. पण चहाचे झाड आपल्यातल्या किती जणांनी पाहिले आहे? म्हणून वाचकहो, या खेपेला केरळातल्या मुन्नारला जाऊ या. इडुक्की जिल्ह्यातले हे गाव सुमारे १६०० मीटर उंचीवर, तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. ‘मून’ म्हणजे तीन, ‘आरु’ म्हणजे नदी.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोकण रेल्वेमार्गे नेत्रावती एक्स्प्रेस सुटते. तिकीट दोन महिने आधी काढावे. अलुवा किंवा एर्नाकुलमला उतरले की केरळ सरकारची बस मिळते. चार-पाच तासांचा प्रवास, त्यात मोठा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू जवळ ठेवावे.

घाट चढून गेल्यावर डोंगरच्या डोंगर हिरवे. कुणीतरी कंगव्याने विंचरून ठेवल्यासारखे. चहाचे झाड मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. खुडायला सोपे जावे म्हणून ते छाटून कमरेइतके ठेवतात. खुडायचे ते शेंड्याची दोन पाने आणि एक कळी. आता बऱ्याच ठिकाणी पेटी जोडलेली कात्रीही चालवतात. नल्लथण्णी मळ्यात २००५ साली चहाचे संग्रहालय सुरू झाले. पाल्याची भुकटी कशी होते ते तिथे मुलांना दाखवावे. सोमवारी ते बंद असते. मुन्नारला एके काळी छोटी आगगाडीही होती. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली.

आता मळ्यातल्या माणसांकडे पाहा. १८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून हे डोंगर पट्ट्याने घेतले. पुढे जंगल तोडून मळे उभे राहिले. राबायला माणसे आणली ती तामिळ मुलखातून, बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली. ‘कंकाणी’ नावाचा मुकादम आधी उचल द्यायचा आणि मग उचल फेडण्यात माणसाचे आयुष्य जायचे. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या घरांना हे वेगळे सांगायला नको. त्या माणसांची नातवंडे-पतवंडे आजही त्याच मळ्यांत आहेत.

ती राहतात ‘लयम’मध्ये. म्हणजे एका ओळीतल्या पत्र्याच्या खोल्या. चाळीत वाढलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. पण लयमची खोली कामाशी बांधलेली असते. म्हातारपणी काम सुटले की खोली सोडावी लागते, म्हणून घरातले एक तरी पोर मळ्यावर ठेवावे लागते. शिकून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या पायात आईबापांचे छप्पर असे अडकते.

याच बायांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुन्नार बंद पाडले. तेव्हा रोज होता २३२ रुपये आणि बोनस आणला होता १० टक्क्यांवर. हजारो बाया रस्त्यावर बसल्या. संघटनांचे पुरुष पुढारी भाषण द्यायला आले, तर त्यांना परत पाठवले. ‘पेंपिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, हे त्यांनी स्वतःच घेतलेले नाव. नऊ दिवसांनी बोनस आणि अनुग्रह रक्कम मिळून २० टक्के पदरात पडले. पुढे पुन्हा लढून रोज ३०१ रुपये झाला. मागितले होते ५००. त्याच वर्षी स्थानिक निवडणुकीत त्यांच्यातल्या काही जणी निवडूनही आल्या. आपल्या महिला मंडळांनी या बायांची हकीकत जरूर वाचावी.

मुन्नारजवळचे इरविकुलम राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. वन खात्याची बस राजमळ्यापर्यंत नेते. तिथे निलगिरी ताहर हे दुर्मीळ रानबोकड उभ्या कड्यावर निवांत चरताना दिसतात. २०२५ च्या गणनेत या एका उद्यानात ८०० हून अधिक भरले. माणसाला ते फारसे बुजत नाहीत. समोर आनमुडी, २६९५ मीटर; दक्षिण भारतातले सर्वांत उंच शिखर.

हाच रस्ता पुढे पेट्टिमुडीला जातो. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री तिथे डोंगर खाली आला आणि लयमच्या ओळी झोपलेल्या माणसांसह गाडल्या गेल्या. ७० जणांचा बळी गेला. त्यांतले काही जण अखेरपर्यंत सापडले नाहीत. वीज नव्हती, फोन बंद होते, बाहेर बातमी पोचायला सकाळ उजाडली. सापडलेल्यांना राजमळ्यातच दफन केले. प्रवाशांच्या बसगाड्या तिथेच थांबतात.

ताहरच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उद्यान बंद असते. नाताळात गर्दी फार, जानेवारीचा पहिला पंधरवडा सरल्यावर जावे. स्वेटर मात्र हवाच. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मागे २०१८ मध्ये फुलली होती, आता ज्यांना निळे डोंगर पाहायचे आहेत त्यांनी २०३० साठी पैसे बाजूला टाकायला लागावे.