होळकरांच्या अमेरिकन सुना आणि आपली इंग्रजी

परदेशी माणसे जिथे जिथे जाऊन राहिली तिथे तिथे इंग्रजी रुजली, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वक्तृत्वस्पर्धेत तर हे वाक्य हटकून येते. मी मूळचा इंदूरचा. आमच्या गावाचा इतिहास पाहता हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते.

होळकरांच्या घराण्यात तीन अमेरिकन स्त्रिया लग्न होऊन आल्या. पहिल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर. १९२८ साली तिसऱ्या तुकोजीरावांशी त्यांचा विवाह बडवाह येथे झाला. त्याआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी त्यांना हिंदू धर्मात घेतले. (कुर्तकोटी हे नाव आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना ओळखीचे वाटेल.) नॅन्सीबाईंच्या शर्मिष्ठादेवी झाल्या, साडी नेसू लागल्या. पुढे यशवंतरावांनीही १९३८ व १९४३ साली अमेरिकन स्त्रियांशीच लग्ने केली. पण या तिघींमुळे इंदुरातल्या एखाद्या सामान्य घरात इंग्रजी शिरली असेल, असे मला वाटत नाही. परक्या मुलखात संसार थाटणाऱ्या माणसाला बहुधा स्वतःलाच बदलावे लागते.

इंग्रजी आली ती दुसऱ्या दाराने. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरात रेसिडेन्सी बसली. १८८७ साली कॅनडाच्या मिशनऱ्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढले आणि १८९१ साली खुद्द शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज. गोऱ्यांची वस्ती मूठभरच होती; पण इंग्रजी शिकलेल्याला वकिली, मास्तरकी, कचेरीतली जागा मिळे. मग आपणच आपल्या मुलांना तिकडे धाडले.

फिलिपाईन्समध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. स्पेनने तिथे तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, तरी स्पॅनिश सामान्य माणसाच्या तोंडी बसली नाही. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, गावोगाव इंग्रजी शाळा चालू लागल्या. १९४६ साली देश स्वतंत्र झाला. इंग्रजी मात्र आजही तिथे राजभाषांपैकी एक आहे.

आता जरा झोंबणारी गोष्ट. माळव्यात मराठी तरी कशी गेली? लष्कराबरोबर आणि दप्तराबरोबर! होळकरांचा कारभार दीर्घकाळ मराठीत, मोडी लिपीत चाले. दरबारी चाकरी हवी तर मराठी आलेली बरी, हे माळव्यातल्या माणसालाही कळत होते. त्या वेळी आपण कुठे तक्रार केली? १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि मराठीमागचे चाकरीचे बळ गेले. राहिली ती घरातली मराठी, आणि सभा-संमेलनांतली. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले. त्यातल्या १९३५ सालीच तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही झाले. आमच्या इंदुरी मराठीत ‘मी जाऊन राहिलो आहे’ असे म्हणतात आणि पुण्याची मंडळी हसतात. हसोत बापडी. हिंदीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहून जी भाषा घरात टिकली, तिने शेजारणीकडून एखादे क्रियापद उसने घेतले तर बिघडले कुठे?

इंदुरात आज आय.आय.एम. (१९९६) आहे, आय.आय.टी. (२००९) आहे. तिथे भारतीय प्राध्यापक भारतीय मुलांना इंग्रजीत शिकवतात. याला कोणा परदेशी वस्तीला जबाबदार धरायचे? भाषा जाते ती कामाच्या मागे. आणि काम देण्यात आपण, मराठी काय नि कन्नड काय, फार कंजूष आहोत. आपल्या अंकासाठी कविता ढिगाने येतात. पण मी वाणिज्य शाखेत शिकवतो, ताळेबंदावर किंवा घसाऱ्यावर चार पाने लिही म्हटले की उत्तर ठरलेले: “सर, इंग्रजीत दिला तर चालेल?”

पुढच्या अंकासाठी घसाऱ्यावरचा एक लेख मराठीत आणि एक कन्नडमध्ये, एवढीच माझी मागणी आहे. मराठीतला मी तपासून देईन. कन्नडमधला वाचून दाखवायला कोणीतरी माझ्याशेजारी बसावे लागेल.