पडद्यावरचा विल्सन आणि पॅरिसमधला विल्सन

संपादक महोदय,

गेल्या अंकातल्या लेखात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यावरच्या १९४४ च्या ‘विल्सन’ या हॉलिवूडपटाला पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेचा विश्वासार्ह दस्तऐवज म्हटलं आहे. हे अजिबात पटणारं नाही.

या परिषदेतला व्हर्सायचा करार अमेरिकी सिनेटर लॉज यांनी बुडवला, असं लेखक म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. १९ मार्च १९२० रोजी लॉज यांच्या अटींसह करार सिनेटमध्ये मतदानाला आला, तेव्हा बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मतं पडली. दोन तृतीयांशाला सातच कमी. त्या अटी झिडकारा, असं स्वपक्षीयांना बजावणारे खुद्द विल्सनच होते.

लेखातला ‘सर्वांना समान न्याय’ हा दावा तर सोडाच. ११ एप्रिल १९१९ ची पॅरिसच्या हॉटेल क्रियाँमधली राष्ट्रसंघ आयोगाची बैठक पाहा. राष्ट्रसंघाच्या मसुद्यात समानतेचं तत्त्व घालावं, ही जपानची मागणी. हजर १७ सदस्यांपैकी ११ जणांनी तिच्या बाजूने मत दिलं. बहुमत झालं आहे, हे फ्रेंच सदस्याने बोलूनही दाखवलं. अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याचं सांगून मागणी निकालात काढली.

आणि टिळक? काँग्रेसने त्यांना परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं होतं. लोकमान्य तेव्हा लंडनमध्येच होते, पण पॅरिसला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. त्यांनी विल्सन यांना पत्र धाडलं. उत्तर आलं ते त्यांच्या चिटणिसाचं, योग्य वेळी विचार होईल एवढंच. हिंदुस्थानच्या वतीने करारावर सह्या केल्या ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी.

लेखकाने पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे