बर्फाचा गोळा

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तेथील वरिष्ठ सभागृहात, एक विलक्षण प्रकार घडला. ओक्लाहोमा राज्याचे प्रतिनिधी जिम इनहोफ यांनी पिशवीतून बर्फाचा गोळा काढला, बाहेर किती थंडी आहे ते सांगितले आणि तो गोळा तेथेच फेकला. पृथ्वी तापत आहे हे म्हणणे व्यर्थ होय, असे त्यांना सुचवावयाचे होते. थंडी खरी होती, बर्फही खरा होता. अनुमान मात्र फसवे होते. पुढे वर्षाची मोजणी पुरी झाली, तेव्हा २०१५ हे तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एका नगरातील एका दिवसाची हवा निराळी आणि अवघ्या पृथ्वीचे अनेक वर्षांचे हवामान निराळे.

यावर कोणासही हसू येईल. परंतु हसण्यापूर्वी २३ जून १९८८ हा दिवसही पाहावा. त्या दिवशी शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्याच एका समितीपुढे साक्ष दिली. पृथ्वी तापू लागली आहे व तो निव्वळ योगायोग नव्हे, याची शंभरात नव्व्याण्णव हिश्शांनी खात्री आहे, असे ते म्हणाले. ती साक्ष देशभर गाजली. राजधानीत त्या दिवशी अंगाची लाही होत होती आणि त्या वर्षी अवर्षणाने शेते करपली होती. हॅन्सन यांचे म्हणणे खरेच होते. पण ते लोकांच्या मनात उतरले त्यात घामाचाही वाटा होता. गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने तर देशोदेशींच्या तापमानाच्या नोंदी जुळवून, कोळसा जाळल्याने वाढणारा कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे १९३८ सालीच मांडले होते. तेव्हा फारच थोड्यांना ते पटले. उकाड्याने बनलेले मत पहिल्या थंडीत डळमळू लागते, हा खरा धोका आहे.

मत घडविणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. ओक्लाहोमा हे खनिज तेलाचे राज्य. ज्या धंद्यावर पोट चालते, त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा गळी उतरणे कठीणच. शिवाय अमेरिकेत या प्रश्नावरील मत पुष्कळदा माणसाच्या राजकीय पक्षावरून ओळखता येते. वायूला अर्थातच पक्ष नसतो.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर, शहरांच्या धुरापासून दूर, हा वायू मोजण्यास आरंभ केला. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. २००५ साली कीलिंग वारले; मोजणी मात्र थांबली नाही. १९८८ साली हा आकडा ३५०च्या पुढे होता. सभागृहात बर्फाचा गोळा आला त्या २०१५ साली त्याची वार्षिक सरासरी प्रथमच ४००वर गेली, आणि २०२४ साली तिने ४२०ही मागे टाकले होते.