अर्ध्या पेराचा वाद

ग्लॉक १७ आणि ग्लॉक १९ ही दोन पिस्तुलं. आकड्यांवरून कुणालाही १९ मोठं वाटेल; प्रत्यक्षात ते धाकटं. १७च्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात हे खरं, पण त्याला ते नाव पडलं गास्टोन ग्लॉक यांच्या सतराव्या पेटंटवरून. १९मध्ये गोळ्या १५च.

हे ग्लॉकसाहेब मूळचे बंदूकवाले नव्हेतच. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राममध्ये ते पडद्याच्या दांड्या करत, लष्करासाठी सुऱ्या आणि फावडी करत. पन्नाशीच्या आसपास त्यांनी पिस्तुलाला हात घातला आणि सांगाडा चक्क पॉलिमरचा केला. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्कराने ते पी-८० या नावाने घेतलं. सहा वर्षांनी धाकटं भावंड आलं. (‘प्लॅस्टिकचं पिस्तूल’ विमानतळावर सापडत नाही, ही सिनेमावाल्यांची थाप. नळी आणि वरची सरकती स्लाइड पोलादीच असतात.)

थोरल्याची नळी ११४ मिलिमीटर, धाकट्याची १०२. फरक १२ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाचं अर्धं पेर. वजनात दोन-अडीच तोळ्यांचा. जाडी सारखी, गोळी तीच ९ मिलिमीटरची, आतली यंत्रणाही तीच. या अर्ध्या पेरावर लोक पस्तीस वर्षं हिरिरीने भांडत आले आहेत. सरकारंही एकमताची नाहीत. ब्रिटिश लष्कराने २०१३ साली जुनं ब्राउनिंग काढून १७ घेतलं, अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंनी १९ पसंत केलं, आणि एफबीआयने २०१६ साली दोन्हींच्या आवृत्त्या घेऊन वादच मिटवला.

भांडणारे बहुधा नळी मोजत बसतात. खरा फरक मुठीत आहे. कमरेला लपवून बाळगणाऱ्याला नळीचा त्रास नसतो, ती पँटच्या आत जाते. सदरा वर उचलते ती मूठ. उलट, रुंद पंज्याच्या माणसाला १९ची मूठ तोकडी पडते, करंगळीला जागा शोधावी लागते. मॅगझिनचं नातं तर अगदी घरातलं: थोरल्याचं धाकट्याला चालतं, धाकट्याचं थोरल्याला नाही. १९मध्ये १७चं मॅगझिन घातलं की आखूड सदऱ्याखालून बनियन डोकवावा तसं ते खाली लोंबतं. गोळ्या दोन वाढतात, लपवालपवीचा मात्र बोजवारा. २०१८ साली कंपनीनेच १९एक्स काढलं, त्यात मूठ १७ची आणि वरचा भाग १९चा. लपवणाऱ्याच्या दृष्टीने हे लग्न उलटंच लागलं. पण ज्याला उघडपणे कमरेला लावायचं, चटकन उपसायचं आणि मूठ भरून पकडायचं, त्याची सोय झाली.

माझं मत १९ला. आपल्याकडे ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर, साध्या परवान्यावर मिळायचाच नाही, तेव्हा मत द्यायला आपलं काय जातं?

या भावंडांतल्या फरकापेक्षा त्यांच्यातलं साम्यच अधिक मोलाचं, आणि त्याबद्दल बोलणं कमी होतं. दोघांनाही अंगठ्याने सरकवायचा सेफ्टीचा खटका नाही. (आमच्या रहस्यकथाकारांना विनंती: नायकाला ग्लॉकची सेफ्टी ‘खट्कन’ काढायला लावू नका. काढायला तिथे काही नाही.) चापाच्या पोटात आणखी एक बारीक पट्टी असते, बोट नेमकं तिच्यावर पडल्याशिवाय चाप मागे येत नाही. आत आणखी दोन अडसर आहेत, त्यामुळे पिस्तूल हातातून पडलं तरी सहसा उडत नाही. पण बोट चापावर गेलं की तिन्ही अडसर एका ओढीत बाजूला होतात. म्हणजे सगळी भिस्त बोटावर.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी यावर उपाय काढला तो चाप जड करण्याचा. एरवी अडीच किलोच्या आसपास ओढ लागते, त्यांनी ती साडेपाचच्या घरात नेली. कंपनीच्या सुट्या भागांत त्या स्प्रिंगला ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ असंच नाव आहे. उपाय दिसायला सोपा, पण एवढा जड चाप ओढताना हाताला हिसका बसतो, नळी नेमापासून ढळते आणि गोळी भलतीकडे जाते. भर रस्त्यात चुकलेली गोळी म्हणजे काय, हे पोलिसांना सांगायला नको. सरावाचे तास वाढवायला पैसे लागतात, स्प्रिंग बदलायला फारसे लागत नाहीत. मला तरी तो उपाय कामचुकारपणाचा वाटतो.

बोटावरची हीच भिस्त साफसफाईतही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नवख्याला वाटतं. नळीच्या मागच्या टोकात चढलेली गोळी मात्र तिथेच असते. स्लाइड मागे ओढून ती बाहेर काढायची, डोळ्यांनी बघायचं, अंधारात बोट घालून चाचपायचं. हे विसरलं तर पुढची पायरी महागात पडते, कारण १७ असो की १९, उघडण्यासाठी आधी चाप ओढावाच लागतो.