संमती मागणाऱ्यांची परीक्षा

एचआयव्ही प्रतिबंधक लशीच्या चाचणीत वेश्याव्यवसायातील स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि सुईने अमली पदार्थ घेणारे लोक सामील होतील काय, हा प्रश्न संशोधकांस फार वर्षांपासून पडलेला आहे. लस निरुपद्रवी आहे की नाही, हे कोणाही निरोगी माणसावर पाहता येते. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ मध्ये देशातील पहिली चाचणी सुरू झाली, ती अशाच मूठभर निरोगी स्वयंसेवकांवर. परंतु लस लागण रोखते काय, हे जेथे लागण होते तेथेच कळणार! म्हणून समाज ज्यांना दारात उभे करीत नाही, त्यांच्याच दारी अखेर शास्त्राला जावे लागते.

ही माणसे पुढे येत नाहीत असे मुळीच नाही. बँकॉकमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या चाचणीत सुईने अमली पदार्थ घेणारे सुमारे अडीच हजार लोक सामील झाले. दक्षिण आफ्रिकेत पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुष पुढे आले. दोन्ही लशी निष्फळ ठरल्या. २००७ मध्ये थांबविलेल्या एका चाचणीत तर लस घेतलेल्या काही पुरुषांतच लागण अधिक आढळली. लशीत एचआयव्हीचा विषाणू नसतो, हे खरे. पण हा इतिहास न सांगता उमटवून घेतलेल्या अंगठ्यास आम्ही संमती म्हणणार नाही.

याहूनही गंभीर गोष्ट वेगळीच आहे. लशीमुळे रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि नेहमीची तपासणी प्रतिद्रव्येच शोधते. त्यामुळे लागण नसताही अहवाल 'बाधित' येऊ शकतो, तोही कधीकधी वर्षानुवर्षे. सुशिक्षित नोकरदार विषाणूची थेट तपासणी करवून घेईल. बुधवार पेठेतील एखादी स्त्री प्रसूतीसाठी गेली आणि कागदावर तो शब्द उमटला, तर तिचे कोण ऐकणार? २०१७ चा कायदा भेदभावास मनाई करतो. पण अपरात्री प्रसूतिगृहाच्या दारात कायदा तिच्या सोबतीस नसतो.

त्यातच २०२४ मध्ये, वर्षातून दोनदा टोचावयाच्या लेनाकापाविर या औषधाच्या आफ्रिकेतील चाचणीत, ते घेणाऱ्या एकाही तरुणीस लागण झाली नाही. असा उपाय सिद्ध झाला असता लशीच्या परीक्षेसाठी कोणास नुसत्या पाण्याच्या सुईवर ठेवणे कोणत्या नीतीत बसते?

आमची मागणी साधी आहे. चाचणी संपल्यावरही, गरज असेल तोवर, विषाणूची थेट तपासणी विनामूल्य मिळेल आणि लस घेतल्याचा दाखला हाती राहील, हे संमतिपत्रात मराठीत लिहून द्यावे. मगच या लोकांच्या तयारीविषयी विचारावे.